सुमनताईच्या गाडीच्या मोटरी

हे मी बायकोला सांगितलेलं नाही. आईला नाही. आशिषला नाही, आणि तो तर तेव्हा माझ्यासोबत रोज कॉलेजच्या वर्कशॉपमध्ये बसायचा. तुम्हाला हे लिहून का सांगतोय, ते मला नीट कळत नाही. कदाचित तुम्ही मला ओळखत नाही म्हणून. ओळखीच्या माणसासमोर तोंड उघडलं की माझ्या तोंडून दुसरंच काहीतरी येतं — बारा-तेरा वर्षं येतंच आहे.

मी वर्ध्यात एका पॉलिटेक्निकमध्ये शिकवतो. दरवर्षी पोरं-पोरी माझ्याकडे येतात. रोबोंची कुस्ती असते ना — लोखंडी पिंजऱ्यात दोन यंत्रं सोडायची, एकमेकांना ढकलायची, उलटी पाडायची — त्यासाठी मोटर निवडायची असते. 'सर, किती आरपीएमची घेऊ?' हा पहिला प्रश्न. सगळ्यांना वेग हवा असतो. मग मी फळ्यावर लिहून समजावतो. आधी वजन किती ते सांगा. मोटर वेगानं फिरते म्हणजे ती ओढू शकते असं नाही. समोरचा रोबो अंगावर आला आणि चाकं अडली की मोटर सगळ्यात जास्त करंट ओढते, तापते, जळते. म्हणून आरपीएम नंतर, ताकद आधी. आणि शेवटचं — बॅटरीचा पुरवठा तुटला, तर तुमची गाडी काय करेल? जागीच राहील, की कुणी ढकलली तर जाईल?

पोरं म्हणतात, सरांचं मोटरीचं ज्ञान एक नंबर आहे. असेलही. पण हा शेवटचा मुद्दा सांगताना मी त्यांच्याकडे बघत नाही. फळ्याकडे तोंड करून सांगतो.

मी मूळचा पवनारचा. आमच्या घरासमोर देवरावभाऊंचं घर. धाम नदीच्या काठाला त्यांचं भाजीचं वावर — वांगी, मेथी, सांभार म्हणजे कोथिंबीर. सुमनताई ही त्यांची थोरली बहीण. लहानपणी पोलिओ झाला आणि दोन्ही पाय गेले. मी इंजिनिअरिंगला होतो तेव्हा ती चाळिशीची असेल. लग्न झालेलं नव्हतं. पण घरात बसून राहणारी नव्हती ती. हातानं पॅडल मारायची तीनचाकी होती तिच्याकडे. मांडीवर भाजीची टोपली आणि मागच्या फळीवर पोतं घेऊन ती रोज सकाळी नागपूर रोडच्या फाट्यावर जाऊन बसायची. गिऱ्हाइकांशी तिची जीभ अशी चालायची की लोक भाजीसोबत चार शिव्याही हौसेनं घेऊन जायचे. कुणाच्या घरी काय शिजलं, कुणाची पोरगी कुठं दिली, सगळं तिला माहीत. फाटा हेच तिचं जग होतं म्हणा ना. आणि त्या जगापर्यंत तिला तिचे हात नेत होते.

मग खांदे दुखायला लागले. एवढी वर्षं वजन ओढून ओढून. एक दिवस आमच्या ओट्याजवळ थांबून ती म्हणाली, "निलेश, तू इंजिनेर होऊन राह्यला ना? मंग या गाडीले काई मशीन लाव ना बाप्पा. खांदे कामातून गेले माहे."

मला तिसऱ्या वर्षाचा प्रोजेक्ट करायचाच होता. केला. खरं सांगतो, तो मी मनापासून केला. म्हणूनच तर पुढचं सांगताना जीभ अडते.

ट्रकच्या वायपरच्या दोन मोटरी मी नागपूरच्या भंगार बाजारातून शोधून आणल्या. वायपरचीच मोटर का? कारण ती सावकाश फिरते, पण तिची ताकद दांडगी. आणि तिच्या आतला गियर असा असतो की मोटर फिरली की चाक फिरतं, पण चाक फिरवून मोटर फिरत नाही. म्हणजे बटन सोडलं की गाडी आहे तिथं खिळते. सपाटीवर आणि चढावरही. हॅन्डलवर दोन बटनं लावली — एक पुढं जायचं, एक मागं यायचं. जुना हातब्रेक मोटरीच्या पट्टीच्या आड येत होता. तो मी काढून टाकला. प्रोजेक्टच्या अहवालात मी एक वाक्य लिहिलं होतं, ते मला आजही पाठ आहे — 'मोटरच्या रचनेमुळे वेगळ्या ब्रेकची आवश्यकता नाही.' त्या वाक्याचं सरांनी कौतुक केलं होतं.

नदीवरून गावात येताना एक चढ आहे. वावरातून भाजी आणायची तर तो चढावा लागतो. त्या चढावर अर्ध्यात मी तिला गाडी थांबवायला लावली. ती घाबरली. मी म्हणालो, "बटन सोड ताई, काई होत नाई." तिनं सोडलं. गाडी जागची हलली नाही. मग मी म्हणालो, दोन्ही हात वर कर. तिनं हात वर केले आणि अशी हसली — तो फोटो गावच्या बातम्या छापणाऱ्या पेपरात आला. त्या चढावर विश्वास ठेवायला तिला मी शिकवलं. मीच.

वर्षभर गाडी झकास चालली. माणूस चालतो तेवढ्याच वेगानं, पण चालली. देवरावभाऊ घरी नसले तर ती स्वतः नदीवरून भाजी आणायची. फाट्यावर तिची बसायची वेळ वाढली. खांद्याला तेल लावणं बंद झालं.

शेवटच्या वर्षाला नागपूरच्या एका कॉलेजात रोबोंची स्पर्धा होती. आमची चौघांची टीम. मोटरी निवडायचं काम माझं, कारण तीनचाकीमुळे माझं नाव झालं होतं. आणि मी काय केलं? जे माझी पोरं आज करतात तेच. वेगाला भुललो. झपाझप पळणाऱ्या गियर-मोटरी घेतल्या. रिकाम्या वर्कशॉपमध्ये आमचा रोबो असा पळायचा की आम्ही टाळ्या वाजवायचो. स्पर्धेला पाच दिवस उरले असताना आम्ही तो वाळूच्या पोत्यावर ढकलायला लावला. चाकं थांबली, मोटरी गुणगुणल्या, जळका वास आला. आशिषनं बॅटरीची वायर उपटली म्हणून त्या वाचल्या. सगळे माझ्याकडे बघत होते — रागानं नाही हो, नुसते बघत होते. तेही मला सोसवलं नाही.

नागपूरला दुकानात फोन केले. वायपरच्या तसल्या मोटरी आठवड्यानंतर येतील म्हणाले.

तुमच्या लक्षात आलंच असेल.

रविवारी सकाळी मी सुमनताईकडे गेलो. म्हणालो, गाडीची सर्व्हिसिंग करतो, दुपारपर्यंत देतो. तिनं तर मला चहा पाजला. आमच्याच अंगणात मी तिच्या दोन्ही मोटरी काढल्या आणि त्यांच्या जागी आमच्या रोबोच्या पळणाऱ्या मोटरी बसवल्या. तासा-दोन तासांचं काम. बटनं तीच. वरून झाकण तेच. बाहेरून काही कळण्यासारखं नव्हतं, आणि ते तसं कळू नये याची मी काळजी घेतली — नवे बोल्ट चमकत होते, त्यांना जुनं ग्रीस फासलं. या एका गोष्टीवर मी पुष्कळदा विचार केलाय. घाईत झालं, लक्षात आलं नाही, असं म्हणायची सोय त्या ग्रीसनं ठेवली नाही.

दुपारी ती फाट्यापर्यंत चक्कर मारून आली. तोंडभर हसत होती.

"काऊन रे, काय केलं तू गाडीले? भल्ली पयून राह्यली आज!"

"ग्रीस टाकलं ताई," मी म्हणालो.

मला माहीत होतं का? हो. सपाट रस्त्यावर या मोटरी पळतील आणि चढावर दम टाकतील, हे मला माहीत होतं. पुरवठा तुटला तर चाकं मोकळी सुटतील, हे माहीत होतं. ब्रेक मीच काढला होता, हेही माहीत होतं. फक्त एक वाक्य बोलायचं होतं — ताई, चार दिवस नदीच्या चढावर गाडी नेऊ नको. बस्स, एवढंच. पण ते बोललो असतो तर तिनं विचारलं असतं, काऊन? आणि मग सांगावं लागलं असतं की तुझ्या मोटरी मी काढून घेतल्या. म्हणून नाही बोललो. मनाशी म्हणालो, चार दिवसांचा तर प्रश्न आहे. देवरावभाऊ भाजी आणतातच.

आशिषनं विचारलं, या मोटरी कुठून आणल्या? मी म्हणालो, भंगारात मिळाल्या.

स्पर्धेत आम्ही दुसरे आलो. तिच्या मोटरींनी कमाल केली. आमच्यापेक्षा जड रोबो अंगावर येत होते आणि आमचा तसूभर मागं सरकत नव्हता. लोक ओरडत होते. त्या गर्दीत मीही ओरडत होतो, आणि सुमनताई एकदाही आठवली नाही. शेवटच्या लढतीत समोरच्याचं फिरतं पातं आमच्यावर आलं आणि एका मोटरचं गियरचं घर फुटलं.

म्हणजे आता परत बसवायला जोडी नव्हती. नवी आणायची होती. आणणारच होतो. मग जर्नल सबमिट करायचं आलं. मग कॅम्पस इंटरव्ह्यूची तयारी. रोज सकाळी बसला जाताना ती फाट्यावर दिसायची, हात हलवायची. मीही हलवायचो. चार दिवसांचे एकोणीस झाले.

विसाव्या दिवशी देवरावभाऊ केळझरला एका साक्षगंधाला गेले होते. सुमनताई सकाळी एकटीच वावरात गेली. रिकामी गाडी बटन धरून उतार उतरली असेल, म्हणून तिला काही कळलं नसेल. वांग्यांचं पोतं मजुरणीनं मागच्या फळीवर ठेवून दिलं. ती चढाला लागली. मी कॉलेजात होतो, आईचा फोन आला — सुमन गाडीसकट पडली, दवाखान्यात नेलं.

मी बसनं निघालो. आणि आता हे ऐका. मी दवाखान्यात नाही गेलो. आधी चढावर गेलो. गाडीकडे.

ती रस्त्याच्या खाली, दगडांत आडवी पडली होती. वांगी सगळीकडे विखुरलेली. मी झाकण काढलं. आतला फ्यूज उडालेला होता. याचा अर्थ सांगतो, साधा आहे. तिनं पुढचंच बटन दाबलेलं होतं. गाडी चढत होती, मोटरीला वजन ओढवलं नाही, ती अडकली, करंट वाढला, फ्यूज गेला आणि गाडी मागं घरंगळली. मागचं बटन दाबलं असतं तर उतारावर मोटरीला जोर पडलाच नसता, फ्यूज उडायचं कारणच नव्हतं. तिची काहीही चूक नव्हती. याचा पुरावा माझ्या बोटांत होता. मी तो खिशात घातला.

खाली नदीवर एक बाई धुणं धूत होती. तिनं पडताना पाहिलं होतं. मी न विचारताच ती सांगायला लागली, "बटन दाबून दाबून थकली बिचारी. गाडीलेच म्हणे, थांब वो माय, थांब."

मग मी दवाखान्यात गेलो.

उजवा हात मनगटाजवळ आणि कोपरात मोडला होता. पाय नसलेल्या बाईचा उजवा हात. डॉक्टर देवरावभाऊंना सांगत होते की कोपर पहिल्यासारखं पूर्ण सरळ होणं कठीण आहे. ती खाटेवर पडून होती, तोंड सुजलेलं. मला बघून तिनं डावा हात पुढं केला. मी तो धरला.

"निलेश, मले सांग," ती म्हणाली, "मी तं पुढचंच बटन दाबून राह्यलती. का मागचं दबलं माह्या हातानं? मले काईच याद येत नाई नीट."

खोलीत देवरावभाऊ होते, त्यांची बायको म्हणजे वहिनी होती, माझी आई होती. सगळे माझ्याकडे बघत होते. वर्कशॉपमध्ये बघत होते तसेच.

"मागचं दबलं असंन ताई," मी म्हणालो. "घाईत होते असं."

तिनं मान हलवली.

"मंग माहीच चूक. तुही एवढी चांगली गाडी मोडली म्या. परीक्षेत दाखवाची होती का रे तुले?"

"नाई ताई. ते झालं."

देवरावभाऊ तिच्यावर ओरडले, "समजत नाई तं काऊन नेली उतारावर?" मी तिचा हात धरूनच उभा होतो. अजून सोडला नव्हता.

दुसऱ्या दिवशी देवरावभाऊच म्हणाले, घेऊन जा ते मशीन, घरात नको. मी गाडी आणली, मोटरी काढल्या आणि सांगाडा भंगारात दिला. झालं. कुणाला काही कळायचं उरलं नाही.

नोकरीच्या मुलाखतीत मला त्या तीनचाकीबद्दल विचारलं. फाईलमध्ये फोटो होता, हात वर केलेला. एका साहेबांनी विचारलं, ती बाई अजून वापरते का? मी म्हणालो, हो सर, रोज. त्यांनी शेजारच्याकडे बघून मान डोलावली. नोकरी मिळाली. काही वर्षं पुण्याला होतो. मग आईसाठी इकडे परत आलो, पॉलिटेक्निकला लागलो. राहतो वर्ध्यात, आई पवनारलाच आहे.

सुमनताईचा हात वाकडाच राहिला. हातानं पॅडल मारणं तर दूरच, जमिनीवर हाताच्या जोरावर सरकत जायची, तेही अर्धं गेलं. फाटा सुटला. तिच्या जागेवर दुसरं कुणी बसायला लागलं. आता ती ओट्यावर बसून भाजी निवडते, जुड्या बांधते. वहिनी वाईट नाही, पण उचलून ठेवायला रोज कुणाला तरी हाक मारावी लागते. आणि पूर्वी कुणाचंही ऐकून न घेणारी सुमनताई आता हाक मारायच्या आधी घरात कोण मोकळं आहे ते बघते. तिची जीभ कमी झाली. हे मला आईनं सांगितलं, सहज बोलता बोलता. मी म्हणालो, वय झालं.

माझ्या लग्नानंतर बायको पहिल्यांदा तिला भेटली तेव्हा ती म्हणाली होती, "तुह्या नवऱ्यानं मले वर्षभर मशीनवर फिरवलं वो. मोडली ते म्या मोडली." बायको घरी आल्यावर मला म्हणाली, किती निर्मळ बाई आहे.

एवढ्यावर थांबलो असतो तरी माझ्या भित्रेपणाला एक हद्द राहिली असती. पण दोन वर्षांपूर्वी ग्रामपंचायतीत अपंगांसाठी तयार बॅटरीच्या तीनचाक्या आल्या. चांगल्या होत्या, कंपनीच्या, ब्रेकवाल्या. एका हातानं चालवता येणाऱ्या. यादीत सुमनताईचं नाव होतं, आणि ती घ्यायला तयार नव्हती. सरपंचांनी मला बोलावलं — तुम्ही इंजिनिअर, तुमचं ऐकेल ती.

मी गेलो. तिच्याजवळ ओट्यावर बसलो. आम्ही दोघंच होतो.

"नाई बाप्पा," ती म्हणाली. "माह्या हातानं मागचं बटन दबते. मशीनचं काम माह्या डोक्याचं नाई. एकडाव पाह्यलं ना आपण."

ऐकताय ना? तिला गाडीची भीती वाटत नव्हती. तिला स्वतःचा भरवसा उरला नव्हता. गिऱ्हाइकांचा हिशोब तोंडी करणारी, फाट्यावरच्या टपोऱ्यांना गप्प बसवणारी ती बाई — तिच्या डोक्यात मी एक खोटं घातलं, आणि ती दहा वर्षं त्याप्रमाणे वागत आली. एक वाक्य पुरलं असतं. ताई, तू बरोबर बटन दाबलं होतं. आजूबाजूला ऐकायला कुणी नव्हतं. मी तोंड उघडलं.

"याले ब्रेक आहे ताई," मी म्हणालो.

ती हसली. "ब्रेक तं मी वेळेवर लावीनच नाई."

मी अजून थोडा वेळ बसलो. बॅटरी किती चालते, चार्जिंग कसं करायचं, हे सगळं समजावून सांगितलं. सरपंचांना येऊन सांगितलं की नाही म्हणते, काय करणार. ती गाडी दुसऱ्या गावच्या एका माणसाला मिळाली.

निघताना तिनं मला मेथीच्या दोन जुड्या दिल्या. वाकड्या हातानं बांधलेल्या. मी घेतल्या. घरी भाजी झाली, आणि मी जेवलो.

मी तेव्हा बावीस वर्षांचा होतो, असं वर एका जागी लिहिलं होतं. खोडून टाकलं. दोन वर्षांपूर्वी मी बावीसचा नव्हतो.

सुमनताई पवनारलाच आहे. सकाळी दहाच्या सुमाराला ओट्यावर उन्हात बसलेली असते. वर्ध्याहून बसनं वीस मिनिटं लागतात. हे सगळं मी तुम्हाला सांगितलं. तिला अजून सांगितलेलं नाही.